एकच माणूस कामाला असला तरी

छोट्या धंद्यात माणसे कामाला ठेवताना एक हिशोब हमखास केला जातो, तो म्हणजे दहाच्या आत राहण्याचा. किराणा दुकान असो, गॅरेज असो, दवाखाना असो की शिलाईचे युनिट, नऊ माणसांपर्यंत कामगार कायदा आपल्या दारात येत नाही, अशी समजूत व्यापारपेठेत पक्की बसलेली आहे. तिला आधारही आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नव्याने आला, तेव्हा दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणे पुरेसे ठरवले गेले. पूर्वीच्या गुमास्ता लायसन्सच्या फेऱ्या त्यामुळे वाचल्या. २०२५ मध्ये ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा तर लहान मालक कायद्याबाहेरच गेला असे अनेकांना वाटले. पण ही सूट एका कायद्यातली आहे आणि त्या कायद्यातले विषय म्हणजे नोंदणी, कामाचे तास, रजा, साप्ताहिक सुट्टी. मजुरी, अपघात, बालमजुरी, लैंगिक छळ यांचे कायदे वेगळे आहेत आणि त्यांतली बहुतेक बंधने पहिल्या माणसापासून लागू होतात. माझे म्हणणे त्याही पुढचे आहे. लहान मालकाला खरा धोका कायद्यांच्या संख्येपासून नाही. त्याने जे प्रामाणिकपणे केले त्याचा पुरावा त्याच्याकडे नसतो, धोका तिथे आहे.

आधी एका माणसाचे काय ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतली वेतन संहिता लहान मालकाने सर्वांत आधी समजून घ्यावी. १९४८ च्या किमान वेतन कायद्याला उद्योगांची अनुसूची होती. तुमचा व्यवसाय त्या यादीत नसेल तर किमान दर लागू होत नसे. संहितेने ती यादीची भिंत काढून टाकली. आता कोणत्याही धंद्यातल्या कोणत्याही कामगाराला किमान वेतनाखाली ठेवता येत नाही. महाराष्ट्रात मूळ दर परिमंडळानुसार वेगळे असतात आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. दोन वर्षांपूर्वी विचारून घेतलेला आकडा आज बरोबर असेलच असे नाही. पगार महिन्याचा असेल तर तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत हातात पडला पाहिजे. एकाच कामासाठी बाईला कमी आणि पुरुषाला जास्त देता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षे कैद, वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामावर लावता येत नाही. ‘गावाकडचा पोरगा आहे, शिकेल काहीतरी’ हे उत्तर तिथे चालत नाही, आणि चालू नयेही.

अपघाताच्या जबाबदारीचा विचार मालक सर्वांत कमी करतात आणि धंदा बुडवण्याची ताकद तिच्यातच सर्वांत जास्त आहे. पाच माणसांच्या हार्डवेअर दुकानात माल पोहोचवणारा पंचवीस वर्षांचा टेम्पोचालक आहे, पगार पंधरा हजार, असे धरा. कामावर असताना अपघातात तो गेला, तर भरपाईचे सूत्र ठरलेले आहे: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसार दिलेला गुणांक. पंचविसाव्या वर्षाचा गुणांक २१६.९१ आहे. म्हणजे साडेसात हजार गुणिले २१६.९१, एकूण सोळा लाख सव्वीस हजार आठशे पंचवीस रुपये. ही रक्कम महिन्याभरात देणे अपेक्षित असते. उशीर झाला तर वर्षाला बारा टक्के व्याज, आणि कारणाशिवाय उशीर केला तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही. ‘चूक त्याचीच होती, तो प्यायलेला होता’ हा बचाव किरकोळ जखमेच्या वेळी मांडता येतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर कायदा तो ऐकत नाही. कर्मचारी राज्य विमा योजना लागू असेल तर हा भार योजनेवर जातो. पण ती योजना सर्वसाधारणपणे दहा माणसांपासून सुरू होते. म्हणजे दहाच्या आत राहून ज्याने विम्याचा हप्ता वाचवला, त्यानेच सोळा लाखांची जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. अशा मालकाने सर्वसाधारण विमा कंपनीची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यावी. वाहनाच्या विम्यातही पगारी चालकाची जोखीम धरली आहे का, हे पॉलिसी उघडून वाचावे. आगीचा विमा काढणारे पण माणसांचा न काढणारे व्यापारी पाहिले की मला या बाबतीतल्या अज्ञानाची खरोखर काळजी वाटते.

आता पुराव्याकडे येतो. वेतन संहितेचे ५९ वे कलम दुकानाच्या गल्ल्यापाशी लिहून लावावे इतके महत्त्वाचे आहे. पगार मिळाला नाही, कमी मिळाला किंवा बेकायदा कपात झाली असा दावा कामगाराने केला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. कामगाराने काही सिद्ध करायचे नाही, तुम्ही दाखवायचे. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता ती तीन वर्षे आहे. दावा मान्य झाला तर मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आता कल्पना करा, एखाद्या मालकाने तीन वर्षे दर महिन्याला पूर्ण पगार रोख दिला, सणाला वर दिले, दवाखान्याला दिले, आणि यातले काहीही कुठे लिहिले नाही. कायद्याच्या नजरेत त्याने काहीच दिलेले नाही. दर महिन्याला तीन हजार कमी दिल्याचा आरोप झाला तर छत्तीस महिन्यांचे एक लाख आठ हजार होतात, आणि त्यावर भरपाई वेगळी. या मालकाने कायदा मोडला नव्हता. त्याने नोंद ठेवली नव्हती, इतकेच.

यावर सर्वांत प्रामाणिक हरकत विश्वासाची असते. आमच्याकडे माणसे घरच्यासारखी राहतात, कागद पुढे केला की परकेपणा येतो, असे मालक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. लहान धंद्यात मालक कामगाराच्या मुलाच्या शाळेची फी भरतो, त्याच्या घरच्या लग्नाला उभा राहतो. मोठ्या कंपनीत हे होत नाही. पण दहा वर्षांचे चांगले संबंध शेवटच्या महिन्यात बिघडतात, तेव्हा वाद बहुधा अशा गोष्टींवरून होतो ज्या दोघांनी कधी स्पष्ट बोललेल्याच नसतात: पगारात जेवण धरले होते की नव्हते, उचल किती फिटली, दिवाळीला दिले ते बोनस होते की बक्षीस. शिवाय विश्वास दोन माणसांमधला असतो. मालकाच्या पश्चात मुलगा गल्ल्यावर बसतो, कामगाराच्या पश्चात त्याची बायको हिशोब मागायला येते, आणि त्या दोघांना जुने तोंडी बोलणे ठाऊक नसते. कागदामुळे नाती तुटत नाहीत. उलट ज्याने सात तारखेला पगाराची चिठ्ठी दिली त्याच्याबद्दल कामगाराच्या मनात शंका उरत नाही. हरकत घेणाऱ्यांनी हेही पाहावे की माल उधार देताना हाच मालक जुन्या, विश्वासू गिऱ्हाइकाचेही नाव वहीत लिहितो.

नोंदी फार नाहीत, पण नेमक्या हव्यात. कामावर घेताना एक पानी नियुक्तिपत्र मराठीत द्यावे: काम काय, पगार किती आणि त्याचे भाग कोणते, तास, सुट्टी, नोटिशीचा काळ. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत ते बंधनकारकच आहे. त्याहून लहान मालकाने ते स्वतःसाठी द्यावे. वयाच्या दाखल्याची प्रत ठेवावी. हजेरीचे मस्टर रोजच्या रोज भरावे, महिनाअखेरीस एका बैठकीत नव्हे. सगळ्या सह्या एकाच शाईत एकाच हाताने झालेल्या असल्या की ते तपासणाऱ्याला पहिल्या पानावरच कळते. पगार शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावा, कारण त्यात तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. जादा कामाचे तास वेगळे लिहावेत, त्यांचा दर दुप्पट असतो. उचलीची मात्र स्वतंत्र वही हवी आणि प्रत्येक देण्या-घेण्यापुढे दोघांची सही. उचल पगारातून वळती करता येते, पण सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या पुढे जाता येत नाही. गैरवर्तनाचा दंड करायचा तर तो पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंतच. काच फुटली, माल खराब झाला म्हणून परस्पर पैसे कापता येत नाहीत. ती वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि त्याला बोलण्याची संधी दिलेली असली पाहिजे. उचल फिटेपर्यंत जाऊ देणार नाही, असे म्हणणाऱ्याने तर १९७६ चा वेठबिगारी उच्चाटनाचा कायदा लक्षात ठेवावा. कमी पगार मला मान्य आहे असे कामगाराकडून लिहून घेणेही व्यर्थ आहे. हक्क सोडून देणारा असा करार संहितेने निरर्थक ठरवला आहे.

माणसे वाढली की उंबरठे येतात, आणि इथे दहाच्या आत राहण्याच्या धोरणाचा खरा कस लागतो. दहाला राज्य विमा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, प्रसूतिरजा आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. विसाला भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस. संहिता आल्या, कायद्यांची नावे बदलली, पण हे आकडे बहुतांशी तेच राहिले. मोजणीत अर्धवेळ, रोजंदारी आणि परिविक्षेवरची माणसेही येतात. निधीच्या मोजणीत ठेकेदाराची माणसेही धरली जातात. उंबरठा टाळण्यासाठी एक दुकान आपल्या नावावर, दुसरे पत्नीच्या आणि तिसरे भावाच्या, अशी विभागणी सर्रास सुचवली जाते. न्यायालये अशा वेळी मालकी, व्यवस्थापन, पैसा आणि काम यांची सलगता पाहतात, नावाच्या पाट्या नाही; आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात तर शाखा एकच आस्थापना समजल्या जातात. विभागणी मोडली तर मागच्या तारखेपासूनची वर्गणी, व्याज आणि नुकसानभरपाई एकदम समोर येते. त्यात कामगाराचा हिस्साही मालकालाच स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, कारण जुन्या महिन्यांची कपात आता करता येत नाही.

खर्चाची हरकत खरी आहे आणि ती आकड्यांनीच तपासावी. पंधरा हजार पगारावर निधीचा मालकाचा हिस्सा बारा टक्के, म्हणजे १,८०० रुपये. प्रशासन आणि विमा धरून साधारण १,९५०. राज्य विम्याचे सव्वातीन टक्के म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. दोन्ही मिळून पगाराच्या सोळा टक्क्यांच्या आसपास. पातळ नफ्यावरच्या दुकानाला हे जड आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण या पैशांत काय येते? कामगाराच्या कुटुंबाचे औषधपाणी, अपघाताची जबाबदारी, निवृत्तिवेतनाचा भाग, मृत्यूनंतर निधीच्या विम्यातून सात लाखांपर्यंत रक्कम. मालक आजही यातले काही ना काही देतोच: दवाखान्याला, अंत्यविधीला, मुलीच्या शिक्षणाला, रोख आणि पावतीशिवाय. कामगारांनाच पीएफ नको असतो, हातात किती येणार तेच ते विचारतात, हेही खरे आहे. पण पंधरा हजारांपर्यंत वेतन असलेल्याला तो नाकारण्याची मुभा नाही आणि त्याचा नकार मालकाचा बचाव होत नाही. पगार ठरवतानाच हातातला आकडा आणि खात्यातला आकडा दोन्ही त्याला दाखवा. नंतर कपात लावली की ती पगार कमी केल्यासारखी वाटते. मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकी भत्त्यांत दाखवण्याची युक्ती आता उपयोगाची नाही, कारण वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: कामगाराचा हिस्सा कापून घेऊन पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत न भरणे. तो फौजदारी विश्वासघात ठरतो.

याच ठिकाणी बायकांना कामावर न घेण्याबद्दल बोलले पाहिजे. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा लहान धंद्याला परवडत नाही, म्हणून बाई नकोच, असे उघड बोलले जाते. भीती समजण्यासारखी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या आस्थापनेला राज्य विमा लागू आहे, तिथल्या एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईचा प्रसूतिलाभ विमा महामंडळ देते. मालकाला त्या काळाचा पगार द्यावा लागत नाही. ज्या हप्त्याला मालक ओझे म्हणतो, तोच हप्ता त्याला या खर्चातून सोडवतो. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याचेही तसेच आहे. दहा माणसे झाली की अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. ती न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दहाच्या आतल्या दुकानातली स्त्रीही असुरक्षित नाही. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर कितीही माणसे असोत, तिला तोच मार्ग आहे. त्या समितीचा पत्ता भिंतीवर लावायला काही खर्च येत नाही.

माणूस सोडून जातो तेव्हा जुने सगळे हिशोब एकदम उघडतात. राजीनामा असो वा काढून टाकणे, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ‘पुढच्या महिन्यात ये’ हे आता चालणार नाही. दहा माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे झालेल्याला ग्रॅच्युइटी तीस दिवसांत देय होते, आणि ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही. शेवटचे वेतन अठरा हजार आणि सेवा दहा वर्षे असेल तर अठरा हजार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले दहा, म्हणजे १,०३,८४६ रुपये. एकदम काढायला ही रक्कम मोठी वाटते. दरमहा सुमारे ८६५ रुपये बाजूला टाकले असते तर ती तयार असती. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काम नाही म्हणून कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते. चोरी, मारामारी अशा कारणाने काढायचे तर आरोप लेखी द्या, त्याचे उत्तर घ्या, चौकशी करा आणि मग निर्णय द्या. रागाच्या भरात फोनवर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणारे मालक बरोबर असूनही हरतात.

कायदे सतत बदलतात, आम्ही किती मागे धावायचे, ही तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते. संहिता आल्या, पण राज्याचे नियम, जुन्या अधिसूचना आणि नवी कलमे यांचा मेळ बसेपर्यंत सल्लागारही एकमेकांपेक्षा वेगळे सांगतील. मात्र जे बदलते ते दर, नमुने आणि पोर्टल. मस्टर, पगाराची चिठ्ठी, उचलीची वही आणि नियुक्तिपत्र कोणत्याही बदलात निरुपयोगी होत नाहीत. निरीक्षकाला संहितेने सुविधाकारही म्हटले आहे आणि पहिल्या चुकीला खटल्यापूर्वी दुरुस्तीची लेखी संधी देण्याचे बंधन त्याच्यावर घातले आहे. त्या संधीचा उपयोग ज्याच्याकडे नोंदी आहेत त्यालाच होतो. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नवा विशेष भत्ता पाहून पगार तपासायचा आणि माणसांची संख्या उंबरठ्याजवळ आली का ते मोजायचे, एवढी शिस्त लहान मालकाला झेपते.

राहिली ती शेजाऱ्याची हरकत: तो काहीच पाळत नाही, म्हणून त्याचा माल स्वस्त, आणि पाळणारा मी मात्र मार खातो. ही स्पर्धा अन्याय्य आहे यात शंका नाही. पण तिला उत्तर आपणही न पाळणे हे नसून दर ठरतात तिथे पोहोचणे हे आहे. किमान वेतन ठरवताना सरकार एक तर समिती नेमते, ज्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात, किंवा प्रस्तावित दर राजपत्रात छापून हरकतींसाठी किमान दोन महिन्यांचा अवधी देते. बहुतेक तालुक्यांच्या व्यापारी संघटना हे राजपत्र पाहत नाहीत आणि दर लागू झाल्यावर ते परवडत नसल्याचे निवेदन देतात. तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत एका सदस्याकडे ही राजपत्रे वाचण्याचे काम सोपवा, आणि हरकत पाठवताना सोबत आपल्या दुकानांची पगारपत्रके जोडा.